उंच गाडी खाली बसवताना

आपल्या वार्षिकात कविता, कथा आणि सहलीची वर्णने पुष्कळ येतात. यंत्रांविषयी सहसा कोणी लिहीत नाही. कलाशाखेच्या विद्यार्थ्याने स्प्रिंगांवर लेख लिहावा ह्याचे काही प्राध्यापकांना नवलही वाटेल. परंतु संध्याकाळी कॉलेज रोडने किंवा गंगापूर रोडने एक फेरी मारली, तर हा विषय आपल्याच दाराशी उभा असल्याचे दिसते. पांढऱ्या, काळ्या, काचा चढवलेल्या उंच गाड्या रांगेने जातात आणि त्यांतली एखादी इतरांपेक्षा चार बोटे खाली बसलेली असते. तिची चाके मडगार्डच्या आत शिरल्यासारखी दिसतात. मागून येणारी मुले हळूच म्हणतात, ‘लो केली आहे रे!’ त्या स्वरात कौतुक असते, थोडा हेवाही असतो.

उंच गाडी खाली का बसवतात, कशी बसवतात आणि तसे केल्यावर तिच्या पोटात नेमके काय बदलते, एवढेच ह्या लेखात सांगायचे आहे. माझ्या मामांचे द्वारका भागात पाट्यांचे गॅरेज आहे. सुटीत मी तिथे हिशेबाची वही सांभाळतो, त्यामुळे हे सारे जवळून पाहायला मिळाले. काही गोष्टी मामांकडून कळल्या, काही पुस्तकांतून आणि आकडेमोड मात्र मी स्वतः केली आहे.

प्रथम शब्दाविषयी. शब्दकोश उघडला तर ‘सस्पेन्शन’ला ‘निलंबन’ असा प्रतिशब्द मिळतो. आपल्याकडे निलंबन होते ते कारकुनाचे किंवा दंगेखोर विद्यार्थ्याचे. गाडीचे निलंबन म्हटले तर गॅरेजातला एकही माणूस समजणार नाही. तेथे शब्द आहेत ते पाटे, स्प्रिंग, शॉकअप, बुश आणि यू-बोल्ट. मी तेच वापरणार आहे.

नाशिकमध्ये ह्या विषयाला एक वेगळे महत्त्व आहे. महिंद्र कंपनीची स्कॉर्पिओ २००२ साली बाजारात आली ती आपल्या नाशिकच्या कारखान्यातून. बोलेरोही इथलीच. सातपूर-अंबडच्या कितीतरी घरांत ह्या गाड्यांचे सुटे भाग बनवणारा, जोडणारा किंवा तपासणारा कोणीतरी असतोच. म्हणजे एका टोकाला ज्या शहरात ही गाडी विचारपूर्वक उंच करून बाहेर पाठवली जाते, त्याच शहराच्या दुसऱ्या टोकाला एखादा तरुण ती खाली बसवून घेत असतो! दोघांपैकी वेडा कोण, हा प्रश्न मला पहिल्यांदा पडला तेव्हा त्याचे उत्तर मला वाटले त्याहून बरेच गुंतागुंतीचे निघाले.

गाडी उंच का असते? ह्या गाड्यांचे कूळ जीपचे. दुसऱ्या महायुद्धात विलीज जीप चिखलातून, नाल्यांतून आणि शेतांतून न्यायची होती. महायुद्ध संपले त्या १९४५ साली महिंद्र अँड मोहमद ही कंपनी स्थापन झाली आणि १९४८ मध्ये तिचे नाव महिंद्र अँड महिंद्र झाले. विलीज जीप भारतात जुळवण्यापासून तिचा गाड्यांचा धंदा सुरू झाला. तेव्हापासून ह्या घराण्यातल्या गाड्यांच्या अंगात तीच उंची उतरली आहे. दिंडोरी-निफाडकडे द्राक्षबागेत शिरणाऱ्या वाटा ज्यांनी पावसाळ्यात पाहिल्या आहेत, त्यांना ती उंची चैनीची वाटणार नाही. ट्रॅक्टरच्या चाकांनी पाडलेल्या दोन चाकोऱ्या आणि मध्ये राहिलेला मातीचा वरंबा, असा तो रस्ता. छोटी मोटार त्या वरंब्यावर पोट टेकवून बसते आणि चारही चाके हवेत फिरतात.

आता इथे एक बारीक भेद आहे, आणि तो समजला की पुढचे सगळे सोपे जाते. जमिनीपासूनची उंची म्हणून कंपनी जो आकडा देते (बोलेरोचा १८० मिलिमीटर आहे) तो गाडीच्या सर्वांत खालच्या भागापासून मोजलेला असतो. मागे सलग अ‍ॅक्सल असलेल्या गाडीत हा सर्वांत खालचा भाग पुष्कळदा मागच्या अ‍ॅक्सलच्या मधोमध असलेला डिफरन्शियलचा गोळा असतो. हा गोळा स्प्रिंगांवर टांगलेला नसतो; तो चाकांच्या बरोबरीने, चाकांवरच उभा असतो. त्याची जमिनीपासूनची उंची ठरते ती केवळ टायरच्या आकारावरून. म्हणजे तुम्ही स्प्रिंग दोन इंच कापली काय किंवा चार इंच कापली काय, तो गोळा होता तिथेच राहतो! खाली येते ते त्याच्या वरचे सगळे, म्हणजे चासी, इंजिन, बॉडी आणि आत बसलेली माणसे.

म्हणून ‘गाडी खाली केली तरी दगड लागत नाही’ असे जे लोक छातीठोकपणे सांगतात, ते अगदीच खोटे बोलत नाहीत. मागच्या गोळ्याला पूर्वी जो दगड चुकत होता तो आजही चुकतो. त्यांनी जे गमावलेले असते ते दुसरीकडे असते. अ‍ॅक्सल आणि चासी ह्यांच्यामध्ये एक मोकळी जागा असते. चाक खड्ड्यातून वर उसळते तेव्हा ते ह्याच जागेत वर येते. जागा संपली तर लोखंडावर लोखंड आदळू नये म्हणून चासीला एक रबरी ठोकळा बसवलेला असतो. ही मोकळी जागा म्हणजे गाडीची खरी शिल्लक.

समजा, रिकाम्या गाडीत ही जागा आठ सेंटिमीटर आहे. लग्नाला निघालेली सहा-सात माणसे आणि त्यांच्या बॅगा चढल्या की त्यातले तीन सेंटिमीटर गेले. राहिले पाच. गाडी आधीच पाच सेंटिमीटर खाली बसवलेली असेल तर राहिले शून्य. मग ती गाडी स्प्रिंगांवर चालतच नाही, रबराच्या ठोकळ्यांवर चालते. प्रत्येक खड्डा थेट चासीला, चासीतून सीटला आणि सीटमधून कण्याला पोहोचतो. चालवणाऱ्याला हे फारसे जाणवत नाही, कारण तो बहुधा एकटा किंवा एका मित्रासह फिरतो. मागच्या बाकावर बसलेल्या आजीला मात्र ते पुरते जाणवते.

यावर उपाय म्हणून स्प्रिंग कडक करतात. पण किती कडक? इथे सतराव्या शतकातल्या रॉबर्ट हुकचा नियम कामाला येतो. स्प्रिंग जितकी दाबावी तितक्या प्रमाणात तिचा प्रतिकार वाढतो, असे त्याने सांगितले. त्यावरून असे निघते की दाबलेल्या स्प्रिंगेत साठणारी ऊर्जा दाबलेल्या अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात असते. म्हणजे चाकाला वर यायला मिळणारी जागा निम्मी केली, तर तोच धक्का पोटात घेण्यासाठी ढोबळ हिशेबाने स्प्रिंग दुप्पट नव्हे, चौपट कडक हवी. चौपट कडक स्प्रिंगेची गाडी म्हणजे जवळजवळ बैलगाडीच. आपल्या टांग्यालासुद्धा कमानी असत, हे लक्षात घेतले म्हणजे प्रगती कोणत्या दिशेने चालली आहे ते कळते. असो.

मग लोक गाडी खाली का बसवतात? ‘फॅशन’ म्हणून हा प्रश्न झटकून टाकणे सोपे आहे, परंतु ते न्यायाचे होणार नाही. त्यामागे एक शास्त्रीय कारणही आहे आणि ते खोटे नाही. उंच गाडी वळणावर कलते आणि प्रसंगी उलटते. गाडीच्या दोन चाकांमधले आडवे अंतर आणि तिच्या गुरुत्वमध्याची उंची ह्यांवर तिचा स्थिरपणा अवलंबून असतो. चाकांमधल्या अंतराला गुरुत्वमध्याच्या उंचीच्या दुपटीने भागले की एक आकडा मिळतो. अमेरिकेतली रस्तेसुरक्षेची सरकारी संस्था गाड्या उलटण्याचा धोका ठरवताना हाच आकडा वापरते. तिच्या म्हणण्याप्रमाणे साध्या मोटारींचा आकडा बहुतेक १.३ ते १.५ असतो, तर उंच गाड्यांचा सामान्यतः १.० ते १.३. आकडा जितका लहान, तितकी गाडी लवकर उलटणार.

कसारा घाट उतरणाऱ्यांना ह्याचे महत्त्व सांगायला नको. आता तर समृद्धी महामार्गही आपल्या जिल्ह्यातून जातो. त्याचा नागपूर ते शिर्डी हा भाग ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला आणि इगतपुरीपासून पुढचा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी. तिथे मोटारींना ताशी १२० किलोमीटरची मर्यादा आहे. जीपच्या कुळातली गाडी त्या वेगाने जाताना ऐनवेळी स्टिअरिंग वळवावे लागले तर काय होईल, ह्या काळजीने कोणी गाडी खाली बसवत असेल तर त्याला हसू नये.

पण हिशेब करून पाहावा. सोयीसाठी अशा गाडीला जवळचे असे आकडे धरू. चाकांमधले आडवे अंतर १४५ सेंटिमीटर, गुरुत्वमध्याची उंची ७२ सेंटिमीटर. आकडा आला साधारण १.०१. आता गाडी पाच सेंटिमीटर खाली बसवली. अ‍ॅक्सल आणि चाके खाली येत नाहीत, म्हणून सगळ्या गाडीचा गुरुत्वमध्य पूर्ण पाच सेंटिमीटर खाली येत नाही. चार आला असे धरू. ६८ सेंटिमीटर उंचीला आकडा येतो १.०७. सुधारणा झाली हे खरे, शेकडा सहाच्या आसपास. पण वळणावरची प्रेरणा वेगाच्या वर्गाने वाढते. त्यामुळे ज्या वळणावर गाडी ताशी ६० किलोमीटरला उलटली असती, तिथे ती आता ६२ ला उलटेल. एवढ्या खटाटोपाचे फळ ताशी दोन किलोमीटर!

ह्याच हिशेबाची दुसरी बाजू मला जास्त महत्त्वाची वाटते. आपल्याकडे उंच गाडी म्हटली की टपावर कॅरिअर आलाच. वणीला, शिर्डीला, त्र्यंबकेश्वरला जाणाऱ्या गाड्यांच्या टपावर बॅगा, गाद्या, कधी गॅसची शेगडीसुद्धा बांधलेली असते. समजा, १७०० किलो वजनाच्या त्याच गाडीच्या टपावर, जमिनीपासून १९५ सेंटिमीटर उंचीवर, १०० किलो सामान चढवले. नवा गुरुत्वमध्य येतो सुमारे ७९ सेंटिमीटरवर. म्हणजे सात सेंटिमीटर वर गेला! हजारो रुपये खर्चून, स्प्रिंगा बदलून जे चार सेंटिमीटर मिळवले, ते चार बॅगांनी व्याजासह परत नेले. ज्याला खरोखरच गाडी उलटण्याची भीती वाटते, त्याने पहिल्यांदा टप रिकामा करावा. ह्याला एक पैसाही लागत नाही. मामांच्या गॅरेजात ही गोष्ट मी दोन गिऱ्हाइकांना कागदावर मांडून दाखवली. एकाने कॅरिअर काढून टाकला. दुसरा म्हणाला, ‘मग सामान कुठे ठेवू?’ त्याचाही प्रश्न खराच होता.

शिवाय सरळ रस्त्यावर नुसत्या वळण्याने गाड्या क्वचितच उलटतात. बहुतेक वेळा गाडी आडवी घसरत जाते आणि तिचे चाक दुभाजकाच्या कडेला किंवा रस्त्याबाहेरच्या मऊ मातीत अडकते, मग ती उलटते. म्हणजे मूळ अनर्थ घसरण्यात असतो. आणि गाडी घसरेल की नाही ह्याचा संबंध टायर, ब्रेक आणि शॉकअप ह्यांच्याशी जास्त आहे.

ब्रेकचा विषय निघालाच आहे तर जी गोष्ट ऐकून मी थक्क झालो ती सांगतो. माल किंवा पुष्कळ माणसे वाहणाऱ्या अनेक गाड्यांच्या मागच्या ब्रेकला एक व्हॉल्व्ह असतो. तो चासीला बसवलेला असतो आणि त्याची एक दांडी अ‍ॅक्सलला जोडलेली असते. गाडी रिकामी असली की मागच्या चाकांवर भार कमी, म्हणून हा व्हॉल्व्ह मागच्या ब्रेकला तेलाचा दाब कमी सोडतो. नाहीतर हलकी झालेली मागची चाके जाम होऊन घसरतील. गाडी भरली की चासी खाली दबते, अ‍ॅक्सल आणि चासीमधले अंतर कमी होते, दांडी हलते आणि व्हॉल्व्ह दाब वाढवतो. किती साधी आणि किती शहाणी योजना! परंतु त्या व्हॉल्व्हला वजन कळत नाही, त्याला फक्त अंतर कळते. गाडी खाली बसवली आणि ती दांडी तशीच ठेवली, तर व्हॉल्व्हची कायमची समजूत होते की गाडी भरलेली आहे. रिकाम्या गाडीलाही तो मागे पूर्ण दाब देतो. पावसात जोरात ब्रेक दाबला की मागची चाके आधी जाम होतात आणि गाडीचा मागचा भाग पुढे येऊ पाहतो. ज्या गाडीत चाके जाम होऊ न देणारी एबीएस यंत्रणा आहे तिथे हा धोका बराच कमी होतो. पण जुन्या गाड्या अजून पुष्कळ फिरतात, आणि स्वस्तात मिळतात म्हणून खाली बसवण्याचे प्रयोगही त्यांच्यावरच अधिक होतात. गाडी स्थिर व्हावी म्हणून खाली केली आणि तीच घसरण्याचे कारण झाले, असा हा प्रकार.

आता खाली बसवण्याच्या पद्धती. मागे पाटे असलेल्या गाडीत (बोलेरोला मागे पाटेच आहेत) पाट्यांची कमान कमी करून, म्हणजे ते थोडे सरळ करून, गाडी खाली आणतात. दुसरा उपाय म्हणजे पाटा आणि अ‍ॅक्सल ह्यांच्यामध्ये लोखंडी ठोकळा घालणे. हा ठोकळा गाडी खाली आणतो की वर नेतो, ते पाटा अ‍ॅक्सलच्या खाली आहे की वर आहे ह्यावर ठरते. पाटा खालून असेल तर ठोकळ्याने गाडी खाली येते, वरून असेल तर चक्क वर जाते. पुढे टोर्शन बार असलेल्या गाडीत, म्हणजे पिळल्या जाणाऱ्या लांब दांडीवर जिचा भार असतो अशा गाडीत, एक बोल्ट सैल केला की गाडी खाली येते. पाच मिनिटांचे काम. त्यामुळेच ते जास्त धोक्याचे, कारण एवढ्या सोप्या कामानंतर चाकांची रेषा पुन्हा तपासून घ्यावी असे कोणाला वाटतच नाही. पुढे एका महिन्यात टायरची आतली बाजू घासून तार दिसू लागते.

नंतरच्या स्कॉर्पिओसारख्या ज्या गाड्यांना गुंडाळी स्प्रिंगा आहेत, तिथे दोन अघोरी उपाय चालतात. एक म्हणजे स्प्रिंग कापणे. सहा वेढ्यांच्या स्प्रिंगेतला एक वेढा कापला की ती खाली येते आणि जवळपास एक पंचमांशाने कडकही होते. गिऱ्हाईक खूश. परंतु कापलेल्या स्प्रिंगेचे टोक बैठकीवर नीट बसत नाही. त्याहून वाईट म्हणजे गाडी एखाद्या उंचवट्यावरून उडाली आणि चाक पूर्ण खाली लोंबले, तर आखूड झालेली स्प्रिंग बैठकीतून मोकळी होते. ती परत जागेवर बसेल की तिरकी अडकेल, हे दैवाच्या हातात. गेल्या पावसाळ्यात दुसरीकडून कापून आणलेली एक गाडी मामांकडे आली होती. तिची मागची एक स्प्रिंग बैठक सोडून चासीला घासत होती आणि तिने ब्रेकच्या नळीवर बोटाएवढा चकचकीत ओरखडा पाडला होता. नळी फुटायला फार काही बाकी नव्हते. गाडीवाला मुलगा आमच्याच वयाचा; घरच्यांना घेऊन सप्तशृंगीला जायचे म्हणून नुसता ‘आवाज येतो, बघा’ एवढेच सांगायला आला होता.

दुसरा उपाय म्हणजे स्प्रिंग तापवणे. गॅसची ज्योत लावून दोन वेढे लाल केले की गाडीच्या वजनाने स्प्रिंग आपोआप बसते. स्प्रिंग काढावीही लागत नाही, म्हणून हे सर्वांत स्वस्त. आपल्याकडे लोहार कोयत्याला ‘पाणी देतो’ हे आपण ऐकलेले असते. लोखंड तापवून एकदम थंड करायचे, मग बेताने पुन्हा तापवून त्याचा ठिसूळपणा घालवायचा. त्याचा कणखरपणा ह्या पाण्यावर अवलंबून. स्प्रिंगेच्या पोलादालाही कारखान्यात असेच मोजून-मापून पाणी दिलेले असते. ते लाल होईपर्यंत तापवले की ते पाणी उतरते. मग तेवढा भाग एकतर मऊ पडून दर महिन्याला थोडा थोडा बसत जातो, किंवा कुठेतरी अर्धवट कडक होऊन अचानक तडकतो. मामांचे ह्याविषयीचे मत छापण्याजोगे नाही.

योग्य रीत अर्थातच आहे. मुळातच आखूड आणि योग्य तितक्या कडक बनवलेल्या स्प्रिंगा, त्यांना साजेसे आखूड शॉकअप, कमी उंचीचे रबरी ठोकळे, ब्रेकच्या दांडीची फेरजुळणी, चाकांची रेषा आणि शेवटी दिव्यांचा रोख. तेही तीन-चार सेंटिमीटरपर्यंतच. हे सगळे करूनही एक अडचण राहते. पुढच्या चाकांच्या भुजा एका ठरावीक कोनात बसवलेल्या असतात. गाडी खाली केली की त्या भुजांचे कोन बदलतात आणि ज्या काल्पनिक बिंदूभोवती गाडी कलते, तो बिंदू गुरुत्वमध्यापेक्षाही जास्त खाली जातो. परिणामी वळणावर गाडीला कलवणारा जोर उलट वाढू शकतो. ही गोष्ट वाचल्यावर मी वही मिटून थोडा वेळ नुसता बसलो होतो.

शहरातल्या गतिरोधकांचा उल्लेख केल्याशिवाय नाशिकमध्ये ह्या विषयावर लिहिता येणार नाही. भारतीय रस्ते परिषदेच्या १९८८ सालच्या नियमावलीत गतिरोधकाचे माप दिले आहे: ३.७ मीटर रुंद, मध्ये १० सेंटिमीटर उंच, १७ मीटर त्रिज्येची गोलाई. बोलेरोच्या पुढच्या आणि मागच्या चाकांतले अंतर २.६८ मीटर आहे. म्हणजे असा गतिरोधक ओलांडताना एका क्षणी चारही चाके त्याच्या अंगावरच असतात, आणि मधला उंचवटा पोटाकडे फक्त साडेपाच सेंटिमीटरच्या आत येतो. भूमितीचा हा साधा हिशेब आहे. खाली बसवलेली गाडीही त्यावरून सहज जाईल. परंतु गल्लीतल्या मंडळींनी रात्रीतून स्वतः घातलेला, हातभर रुंद आणि वीतभर उंच असा जो सिमेंटचा बांध असतो, त्याला ही नियमावली ठाऊक नसते. तो दोन चाकांच्या मध्ये पूर्ण मावतो आणि आपली सगळी उंची गाडीच्या पोटाला दाखवतो. कंपनीने दिलेली उंची आपल्याकडे ह्या बांधांसाठी खर्च होते, डोंगरांसाठी नव्हे.

केवळ दिसण्यासाठी गाडी खाली करणाऱ्यांचीही बाजू आहे, आणि ती कलाशाखेच्या मासिकात यायलाच हवी. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यात मेक्सिकन वंशाच्या तरुणांनी दुसऱ्या महायुद्धानंतर जुन्या मोटारी खाली बसवून, रंगवून, रविवारी संथपणे मिरवण्याची प्रथा सुरू केली. श्रीमंत गोऱ्या मुलांच्या गाड्या वेगासाठी, तर ह्यांच्या गाड्या सावकाश जाण्यासाठी! १९५८ पासून तिथे कायदा आला की गाडीचा कोणताही भाग चाकाच्या रिमच्या खालच्या कडेपेक्षा खाली असता कामा नये. तेव्हा रॉन अगीरे नावाच्या तरुणाने १९५९ मध्ये विमानांचे जुने हायड्रॉलिक पंप गाडीला बसवले. पोलीस दिसला की बटण दाबून गाडी वर, गेला की खाली. तिथल्या अनेक शहरांनी असे मिरवण्यावर घातलेली बंदी अखेर राज्याच्या कायद्याने १ जानेवारी २०२४ पासून उठली. म्हणजे गाडी खाली बसवणे ही एखाद्या समाजाची भाषाही होऊ शकते. मात्र त्या लोकांनी उंची हवी तेव्हा परत मिळेल अशी सोय केली होती, आणि ते हळू चालवत होते. आपल्याकडे खाली बसवलेली गाडी हळू चाललेली मी तरी फारशी पाहिलेली नाही.

आपल्या देशात कायदा काय म्हणतो? १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणे, उत्पादकाने मुळात दिलेल्या आणि नोंदणीपुस्तकात असलेल्या तपशिलांशी विसंगत असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे कलम ठामपणे उचलून धरले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. अपघात झाला तर विमा कंपनीही ह्याच बदलावर बोट ठेवू शकते. गॅरेजवाला हे सांगत नाही, कारण गिऱ्हाईक विचारत नाही.

तेव्हा जुनी उंच गाडी विकत घेणाऱ्यांसाठी थोडी कामाची माहिती देऊन थांबतो. आपल्या वर्गातल्या दोघा-तिघांच्या घरी असा विचार चालू आहे, म्हणून मुद्दाम. गाडी सपाट जागी उभी करून चारही चाकांच्या मधोमधपासून मडगार्डच्या कडेपर्यंत टेपने मोजावे आणि तशाच दुसऱ्या, न छेडलेल्या गाडीशी ताडून पाहावे. रबरी ठोकळे हाताने चाचपावेत. ते चेपलेले, फाटलेले किंवा ताजे बसवलेले असतील तर कारण विचारावे. टायरचा आतला काठ बोटाने पाहावा, कारण वरून तो दिसत नाही. मागच्या ब्रेकच्या व्हॉल्व्हची दांडी तारेने बांधलेली किंवा वाकवलेली आहे का ते पाहावे. आणि टॉर्च घेऊन स्प्रिंगेच्या शेवटच्या वेढ्याचे टोक शोधावे. इतर वेढ्यांवर कारखान्याचा रंग शाबूत असताना ह्याच टोकावर ताजी कापल्याची खूण, धारदार कडा आणि गंज दिसला, किंवा एखाद-दुसऱ्या वेढ्याचाच रंग जळून निळसर-काळा पडलेला दिसला, तर विकणारा कितीही ओळखीचा असला तरी त्या स्प्रिंगांची जोडी नवी घालण्याचा खर्च किमतीतून कापून मागावा.